फ्लॅट हस्तांतरणाचा अर्ज: अपाची विकेटमध्ये वाट बदलणारा विझार्ड कसा बांधायचा

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत फ्लॅट विकला गेला, की शेअर सर्टिफिकेटवर नवं नाव चढवण्यासाठी अर्ज करावा लागतो. तोच फ्लॅट वडिलांच्या पश्चात मुलीकडे आला तर कागद वेगळे लागतात, आईने मुलाला बक्षीसपत्राने दिला तर आणखी वेगळे. सोसायटी वाशी-नेरूळकडे सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर सिडकोच्या परवानगीचाही प्रश्न येतो. या सगळ्या शक्यता एकाच लांबलचक पानावर मांडल्या, तर अर्जदाराला आपल्याला लागू असलेले रकाने हुडकत बसावं लागतं. साहजिकच चुकीचे रकाने भरून येतात आणि सेक्रेटरीच्या टेबलावर अर्ज अडकतो.

अशा कामाला विझार्ड हवा: एका वेळी एक टप्पा दाखवणारा, आधीच्या उत्तरावरून पुढची वाट ठरवणारा. जावात कॉम्पोनन्टवर आधारलेल्या फ्रेमवर्कमध्ये तो कसा बांधायचा ते इथे अपाची विकेट घेऊन दाखवतो. विकेट १० ला जावा १७ लागतं, विकेट ९ ला जावा ११ पुरतं. खाली लिहिलेलं दोन्हींना लागू आहे. विझार्डचे क्लास मूळ विकेटमध्ये नाहीत, एक्स्टेन्शन्स या वेगळ्या मॉड्यूलमध्ये आहेत, त्यामुळे मेव्हनमध्ये (लायब्ररी आणून प्रकल्प बांधणारं साधन) ती डिपेन्डन्सी घालून ठेवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण बाकीचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. पुढचा टप्पा कोणता हे बटणाने ठरवायचं नाही, ते भरलेल्या माहितीवरून ठरायला हवं. 'पुढे' बटणाच्या क्लिकमध्ये 'विक्री असेल तर हे पान, वारस असेल तर ते पान' अशी जंत्री लिहायला घेतली, की तीच जंत्री 'मागे' बटणात उलटी लिहावी लागते, टप्पे दाखवणाऱ्या वरच्या पट्टीत तिसऱ्यांदा आणि सादर करताना चौथ्यांदा. सहा महिन्यांनी या चार जंत्र्या एकमेकींशी जुळत नाहीत.

आधी कागदावर वाटा काढा

एडिटर उघडण्याआधी टप्पे लिहून काढा. आपल्या उदाहरणात पहिला टप्पा फ्लॅट आणि सोसायटीचा. दुसरा हस्तांतरणाच्या कारणाचा: विक्री, बक्षीस की वारसा. तिसरा त्या कारणाच्या तपशिलाचा, म्हणजे तीन पर्यायी टप्पे आणि त्यातला एकच दिसणार. मग सिडकोचा, तोही फक्त जमीन भाडेपट्ट्याची असेल तरच. त्यानंतर कागदपत्रं, रक्कम, आणि शेवटी सगळं एकत्र वाचून पाहण्याचा टप्पा.

प्रत्येक टप्प्यापुढे एकच प्रश्न लिहा: हा केव्हा दिसतो? उत्तर 'नेहमी' असेल तर सोडून द्या. नसेल तर ते एका ओळीच्या अटीत बसतं का बघा. बसत नसेल तर बहुतेक वेळा दोन टप्पे एकात कोंबलेले असतात.

माहितीचा एकच ऑब्जेक्ट

'हस्तांतरण अर्ज' नावाचा एक साधा जावा क्लास करा. फ्लॅट क्रमांक, कारण, जमिनीचा प्रकार, खरेदीदाराचं नाव, वारसांची यादी, सगळं त्यातच ठेवा. हा क्लास सीरिअलायझेबल, म्हणजे बाइट्समध्ये बदलून साठवता येणारा, असलाच पाहिजे, कारण विकेट अख्खं पान सीरिअलाइझ करून साठवतं आणि अर्ज त्या पानाच्या पोटात असतो.

विझार्डला या ऑब्जेक्टवर बेतलेलं कम्पाउंड प्रॉपर्टी मॉडेल लावा. मग कुठल्याही टप्प्यातल्या रकान्याचा आयडी आणि अर्जातल्या प्रॉपर्टीचं नाव एकच ठेवलं की जोडणी आपोआप होते, प्रत्येक रकान्याला वेगळं मॉडेल द्यावं लागत नाही.

सोसायट्यांची यादी, बँकांची यादी यांसारख्या गोष्टी मात्र या ऑब्जेक्टमध्ये किंवा पानाच्या फील्डमध्ये ठेवू नका. त्यांच्यासाठी लोडेबल डिटॅचेबल मॉडेल आहे. ते रिक्वेस्ट संपली की यादी सोडून देतं आणि पुढच्या वेळी पुन्हा आणतं. विकेटचं डिस्कवरचं साठवण प्रत्येक सेशनला, म्हणजे एका वापरकर्त्याच्या एका भेटीला, मुळात १० एमबी देतं. पानात जड याद्या भरल्या तर जुन्या आवृत्त्या लवकर गळून पडतात आणि मागे गेलेल्या माणसाला 'पान कालबाह्य झालं' असं दिसतं. स्प्रिंग हे फ्रेमवर्क वापरत असाल तर त्याच्या सर्व्हिसही थेट फील्डमध्ये धरू नका. विकेटचं स्प्रिंगबीन अॅनोटेशन वापरा, म्हणजे पानात खऱ्या सर्व्हिसऐवजी फक्त हलका प्रॉक्सी, तिचा प्रतिनिधी, राहतो.

टप्पे आणि विझार्ड

प्रत्येक टप्पा म्हणजे विझार्डस्टेपपासून निघालेला क्लास आणि त्याची स्वतःची एचटीएमएल फाइल. कन्स्ट्रक्टरमध्ये शीर्षक आणि एका ओळीचा खुलासा द्या, मग रकाने जोडा. सगळे टप्पे क्रमाने एका विझार्डमॉडेलमध्ये घाला आणि शेवटी विझार्डची इनिट मेथड त्या मॉडेलनिशी बोलवा. फॉर्म, चुकांच्या संदेशांची जागा आणि खालची बटणं विझार्ड स्वतः मांडतो. टप्पा बदलला तरी पान तेच राहतं, फॉर्मच्या आतला 'व्ह्यू' नावाचा भाग तेवढा बदलला जातो.

एका टप्प्यातल्या दोन रकान्यांची एकत्र तपासणी करायची असेल, उदाहरणार्थ विकणारा आणि घेणारा एकच माणूस नाही ना, तर फॉर्म व्हॅलिडेटर (फॉर्मची तपासणी करणारा क्लास) लिहा आणि टप्प्याच्याच अॅड मेथडने जोडा. तो टप्पा समोर असतानाच ती तपासणी चालते.

टप्प्याला 'पूर्ण' असा एक झेंडाही, म्हणजे खरं-खोटं सांगणारी खूण, असतो आणि तो मुळात खरा असतो. पुष्कळ जणांना वाटतं की तो खोटा ठेवून सुरुवात करावी आणि रकाने भरले की खरा करावा. पण 'पुढे' बटण चालू आहे की बंद हे विझार्डमॉडेल त्याच झेंड्यावरून ठरवतं. खोटा ठेवला तर बटण बंदच दिसतं, आणि बटण दाबल्याशिवाय माहिती येत नाही. रकान्यांची तपासणी व्हॅलिडेटरवर सोपवा आणि हा झेंडा बाहेरून येणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

वाट बदलणारी अट

आता विझार्डचा गाभा. विकेटमध्ये आयकंडिशन नावाचा इंटरफेस आहे. त्यात एकच मेथड, इव्हॅल्युएट, आणि ती हो किंवा नाही एवढंच सांगते. सिडकोच्या टप्प्याने हा इंटरफेस घ्यावा आणि 'अर्जातली जमीन भाडेपट्ट्याची आहे का' याचं उत्तर परत द्यावं. विक्रीच्या टप्प्याने 'कारण विक्री आहे का' हे सांगावं. बाकी काही करावं लागत नाही. 'पुढे' दाबलं की विझार्डमॉडेल पुढचे टप्पे क्रमाने बघत जातं आणि ज्याची अट खरी निघेल तिथे थांबतं.

शेवटचा टप्पा कोणता हेही मॉडेल याच अटींवरून काढतं, त्यामुळे 'सादर करा' बटण योग्य जागी आपोआप चालू होतं. याचा दुसरा अर्थ असा, की या अटी पान रंगवतानाही पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. म्हणून इव्हॅल्युएटमध्ये डेटाबेसला हात लावू नका. सोसायटी निवडली त्याच क्षणी जमिनीचा प्रकार अर्जात लिहून ठेवा आणि अटीत फक्त तो वाचा.

वारसांचा टप्पा थोडा निराळा आहे, कारण वारस दोन की पाच हे आधी ठाऊक नसतं. विकेटमध्ये डायनॅमिकविझार्डमॉडेलही आहे. त्यात प्रत्येक टप्पा आपला पुढचा टप्पा स्वतः तयार करून देतो, आणि प्रत्येक वारसासाठी एक टप्पा असं करता येतं. मी मात्र तसं सुचवणार नाही. पाच भावंडांची नावं भरताना माणसाला ती एकाखाली एक दिसायला हवीत. एकाच टप्प्यात लिस्टव्ह्यू (यादीतल्या प्रत्येक नोंदीची एक ओळ दाखवणारा कॉम्पोनन्ट) ठेवा आणि खाली 'आणखी वारस' असं बटण द्या. लिस्टव्ह्यूवर सेटरियूजआयटम्स खरं करायला विसरू नका. ते नसेल तर पान प्रत्येक वेळी रंगवताना ओळी नव्याने तयार होतात. मग तिसऱ्या वारसाच्या आधार क्रमांकात एक आकडा कमी पडला, की टाइप केलेलं सगळं जातं आणि रकाने जुन्या माहितीनिशी परत येतात.

'मागे' बटणाचं वागणं

विझार्डमॉडेल चाललेली वाट लक्षात ठेवतं. 'पुढे' दाबताना चालू टप्पा इतिहासाच्या ढिगावर ठेवला जातो आणि 'मागे' दाबलं की वरचा टप्पा उचलला जातो. त्यामुळे सिडकोचा टप्पा वगळून आलेला माणूस मागे जातानाही तो वगळूनच जातो. हे आयतं मिळतं, स्वतः लिहायला जाऊ नका.

पण 'मागे' बटण फॉर्मची नेहमीची प्रक्रिया बंद ठेवतं, आणि ते योग्यच आहे. अर्धवट भरलेल्या रकान्यासाठी 'हे भरा' म्हणत मागे जाणाऱ्याला अडवायचं नसतं. मात्र त्या टप्प्यावर टाइप केलेलं अर्जाच्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचत नाही, ते रकान्याजवळ कच्च्या रूपात राहतं. परत त्या टप्प्यावर आलं की अक्षरं दिसतात, म्हणून सगळं साठलं आहे असा भास होतो. पण कुठल्याही अटीला किंवा रकमेच्या हिशेबाला ती दिसत नाहीत. म्हणून ज्या रकान्यावर वाट अवलंबून आहे, तो नेहमी आधीच्या, 'पुढे' दाबून पार केलेल्या टप्प्यात असावा.

याहून अवघड प्रसंग सोडून दिलेल्या फांदीचा. अर्जदाराने आधी 'विक्री' निवडली, खरेदीदार आणि किंमत भरली, मग मागे जाऊन 'बक्षीस' केलं. विक्रीचा टप्पा आता दिसणार नाही, पण खरेदीदार आणि किंमत अर्जाच्या ऑब्जेक्टमध्ये तशीच पडून आहेत. तशीच सादर झाली तर बक्षीसपत्राच्या अर्जावर विक्रीची किंमत छापून येते. बदल झाल्याबरोबर ती माहिती पुसणं मला पटत नाही. माणूस पुन्हा 'विक्री'वर येऊ शकतो आणि मग त्याला सगळं नव्याने भरावं लागतं. पुसायची वेळ सादर करतानाची. अर्जाच्या क्लासमध्ये 'लागू नसलेलं गाळा' अशी एक मेथड लिहा, जी कारण आणि जमीन पाहून बाकीचं रिकामं करते. मूळ अर्जाची प्रत घेऊन तिच्यावर ती चालवा आणि तीच प्रत तपासणीच्या टप्प्यात दाखवा. जे दिसलं तेच साठवलं जाईल.

ब्राउझरचं मागे बटण

विझार्डचं 'मागे' आणि ब्राउझरचं 'मागे' या दोन वेगळ्या वाटा आहेत. साध्या सबमिटने टप्पा बदलला की विकेट पानाची नवी आवृत्ती करतं आणि पत्त्यातला क्रमांक वाढतो. ब्राउझरमधून मागे गेलं की जुनी आवृत्ती तिच्या तेव्हाच्या अर्जासकट परत येते, टप्पा आणि माहिती जुळलेली असते. अर्ज सेशनमध्ये ठेवला तर ही जुळणी तुटते: टप्पा कालचा, माहिती आत्ताची. म्हणूनच वर म्हटलं की अर्ज पानाच्या पोटात ठेवा.

टप्पे एजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता, बदलले तर पत्ता बदलतच नाही. मग फोनवर मागे सरकवलं की माणूस थेट विझार्डच्या बाहेर पडतो. अर्जदार बहुतेक फोनवरच असतात, त्यामुळे टप्पे बदलायला साधं सबमिट ठेवा आणि एजॅक्स टप्प्याच्या आतल्या छोट्या कामांना, जसं सोसायटी निवडल्यावर विंगची यादी आणायला.

कागदपत्रं

शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मृत्यू दाखला यांच्या स्कॅन इथे येतात. फॉर्म मल्टिपार्ट, म्हणजे फाइल पाठवू शकणारा, करा आणि आकाराची कमाल मर्यादा घाला. अपलोड झालेली फाइल त्या रिक्वेस्टपुरतीच जिवंत असते; पुढच्या टप्प्यावर ती मागितली तर मिळत नाही. टप्प्याच्या अप्लायस्टेट मेथडमध्ये, जी 'पुढे' दाबल्यावर व्हॅलिडेशननंतर चालते, फाइल तात्पुरत्या जागी लिहून घ्या आणि अर्जात फक्त तिचं नाव आणि जागा ठेवा. मागे जाऊन परत आलेल्याला 'शेअर सर्टिफिकेट जोडलं आहे' असं नावासकट दिसलं पाहिजे, आणि फाइल आधीच असेल तर रकाना सक्तीचा नसावा.

रक्कम

गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत प्रवेश शुल्क १०० रुपये, हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचं अधिमूल्य (प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. कुटुंबातल्या व्यक्तीला किंवा नामनिर्देशिताला हस्तांतरण असेल तर अधिमूल्य घेता येत नाही. हे आकडे कोडमध्ये कोरू नका, सोसायटीनिहाय तक्त्यात ठेवा. हिशेब टप्प्याच्या क्लासमध्ये न लिहिता सर्व्हिसमध्ये लिहा, कारण सादर करताना तोच पुन्हा करायचा आहे. फॉर्ममधून आलेल्या रकमेवर विसंबू नका.

मजकूर मराठीत ठेवायला यूटीएफ-८ प्रॉपर्टीज फाइल विकेटला चालते, त्यामुळे 'पुढे', 'मागे', 'सादर करा' तिथे सरळ देवनागरीत लिहा. मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) लावल्यावर आजचं जावा आकडेही देवनागरीत छापतं. अर्ज लेखापरीक्षकाकडे जाणार असेल तर कुठल्या लिपीतले आकडे हवेत ते सोसायटीला आधीच विचारून घ्या.

वरच्या पट्टीत 'टप्पा ३ / ७' असं लिहू नका. जमीन भाडेपट्ट्याची नसलेली सोसायटी निवडली की ७ चे ६ होतात आणि माणूस गोंधळतो. टप्प्यांची नावं लिहा, चालू नाव ठळक करा. न्यूओव्हरव्ह्यूबार ही मेथड ओव्हरराइड केली की पट्टी तुमच्या हातात येते.

सादर करणं

'सादर करा' दाबल्यावर शेवटच्या टप्प्याची अप्लायस्टेट चालते आणि मग विझार्डची ऑनफिनिश. साठवण इथेच करा, आधीच्या कुठल्याही टप्प्यात अंतिम नोंद नको. बटण दोनदा दाबलं गेलं तर? विकेट एकाच सेशनमधल्या एका पानाच्या रिक्वेस्ट एकामागून एक सोडतं, म्हणजे दुसरी पहिलीची वाट पाहते. पण तिला नाकारत नाही. दोन अर्ज तयार होऊ शकतात. विझार्ड सुरू होतानाच अर्जाला एक यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळख क्रमांक, द्या आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन घाला. दुसरी नोंद तिथे अडली की चूक दाखवू नका, पहिल्या अर्जाची पोचच पुन्हा दाखवा.

अर्धवट सोडलेला अर्ज

ठाण्याहून वाशीच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसलेला माणूस ऐरोलीला उतरेपर्यंत तीन टप्पे भरतो आणि उरलेले रात्री घरी. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरचं सेशन मुळात ३० मिनिटांत संपतं. सेशन लांबवणं हा यावरचा उपाय नव्हे. प्रत्येक टप्प्याच्या अप्लायस्टेटमध्ये अर्ज मसुदा म्हणून डेटाबेसमध्ये लिहा, आणि कुठल्या टप्प्यापर्यंत आला तेही.

परत आल्यावर थेट त्या टप्प्यावर उडी मारायचा मोह होतो. तसं केलं तर इतिहासाचा ढीग रिकामा राहतो आणि 'मागे' बटण निकामी होतं. त्याऐवजी मसुदा भरलेल्या अर्जानिशी विझार्ड तयार करा. तयार होताना मॉडेल पहिल्या टप्प्यावर रीसेट होतं. त्यानंतर साठवलेला टप्पा येईपर्यंत मॉडेलची नेक्स्ट मेथड बोलवत जा. अटी पुन्हा तपासल्या जातात, इतिहास बरोबर बांधला जातो. नेक्स्ट स्वतः अप्लायस्टेट चालवत नाही, ते काम बटणाचं आहे, त्यामुळे फाइल पुन्हा मागितली जाण्याची भीती नाही. दरम्यान सोसायटीच्या जमिनीची नोंद बदलली असेल तर साठवलेला टप्पा वाटेत येणारच नाही, म्हणून या लूपमध्ये 'पुढे जाता येतं का' हेही विचारा आणि नाही म्हटलं तर थांबा.

चाचणी

विकेटटेस्टर हा विकेटचा चाचणीसाठीचा क्लास सर्व्हरशिवाय पान चालवतो. फॉर्मटेस्टरला विझार्डच्या आतल्या फॉर्मचा मार्ग द्या, रकान्यांतली माहिती 'व्ह्यू' खालच्या आयडीने भरा आणि 'बटन्स' खालचं 'नेक्स्ट' बटण सबमिट करा. प्रत्येक सबमिटनंतर फॉर्मटेस्टर नवा घ्या, कारण आतला व्ह्यू बदललेला असतो.

सरळ वाटांच्या चाचण्या सगळेच लिहितात. त्या तीन झाल्यावर ही एक नक्की लिहा: विक्री निवडा, किंमत भरून 'पुढे' दाबा, दोनदा मागे जा, वारसा निवडा, दोन वारस भरा, सादर करा. साठवलेल्या नोंदीत किंमत रिकामी, खरेदीदार रिकामा, वारस दोन आणि अधिमूल्य शून्य आहे हे तपासा. मग हीच चाचणी भाडेपट्ट्याच्या सोसायटीसाठी चालवा आणि सिडकोचा टप्पा अंतिम वाटेत एकदाच आला का ते बघा.